अमेरिकेत जमीन न पिकवण्याचे पैसे मिळतात, त्यामुळे ज्यांची शिकार केली जाते ते पक्षी खरंच वाढतात का? आपल्याकडे असं करता येईल का?

वाढतात, पण करार चालू असेपर्यंतच. मी अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात पीक सल्लागार आहे. इथली जमीन गवताखाली जाताना आणि तीच जमीन परत नांगराखाली येताना मी पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलेली योजना म्हणजे कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, सगळे तिला सीआरपी म्हणतात. 1985 च्या शेती कायद्यातून ती सुरू झाली, तेव्हा पक्षी हा तिचा मुख्य हेतू नव्हता. उताराच्या जमिनींची माती वाहून जात होती आणि धान्य इतकं पिकत होतं की भाव पडले होते. नुसती जमीन पडीक टाकून पैसे मिळतात असंही नाही. शेतकऱ्याला 10 ते 15 वर्षांचा करार करावा लागतो आणि ठरवून दिलेलं गवत, फुलझाडं पेरावी लागतात. त्या पेरणीच्या खर्चाचा वाटा सरकार उचलतं आणि दरवर्षी एकरी खंड देतं.

आता पक्षी. इथे शिकारीचा पक्षी म्हणजे आधी फेझंट, आपल्या तितराच्याच कुळातला, पण मोठा. मूळचा चीनचा, 1881 मध्ये ओरेगॉनमध्ये आणून सोडलेला. साउथ डकोटात 1919 पासून त्याची शिकार होते आणि तो आता राज्यपक्षी आहे. शिकारीची परवानगी फक्त नराची. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे बरेच नर मारले गेले तरी पुढच्या वर्षीच्या संख्येला फारसा धक्का लागत नाही. संख्या ठरते ती माद्यांच्या घरट्यांवर.

मादी वसंतात जमिनीवरच घरटं करते. तेव्हा नवं गवत पुरेसं उंच झालेलं नसतं, त्यामुळे तिला आडोसा लागतो तो गेल्या वर्षीच्या उभ्या, वाळक्या गवताचा. मका-सोयाबीनच्या शेतात तो मिळत नाही. मग ती जवळच्या लसूणघासात जाते, आणि तिथेच घात होतो. अंडी उबायला साधारण 23 दिवस लागतात आणि लसूणघासाची पहिली कापणी नेमकी त्याच दिवसांत येते. यंत्र जवळ आलं तरी अंड्यांवर बसलेली मादी उठत नाही. घरटं जातंच, कित्येकदा मादीही जाते. सीआरपीच्या गवतात अंडी-पिल्लांच्या हंगामात कापणी आणि चराई बंद असते. माझ्या मते या योजनेतून पक्ष्यांना मिळालेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, विणीच्या दिवसांतली शांतता.

पिल्लांची गरज वेगळी. पहिले काही आठवडे ती जवळजवळ किड्यांवरच जगतात, आणि किडे येतात रुंद पानांच्या फुलझाडांवर. शिवाय गवत खाली विरळ हवं, नाहीतर इवल्या पिल्लांना त्यातून चालताच येत नाही. जुनं झालं की गवत दाट, गच्च होत जातं. म्हणून कराराच्या मध्यावर ते जाळणं, हलका तव्यांचा कुळव (डिस्क) फिरवणं किंवा त्यात पुन्हा फुलझाडं पेरणं ठरलेलं असतं. पेरून विसरून गेलेल्या सीआरपीत पक्षी कमी दिसतात, हे मी शेतकऱ्यांना कळकळीने सांगत असतो.

आता भावाचा मुद्दा. 2007 मध्ये देशभर 3 कोटी 68 लाख एकर जमीन या योजनेत होती, आजवरची सर्वांत जास्त. त्याच सुमारास इथेनॉलमुळे मक्याची मागणी वाढली आणि 2012 च्या दुष्काळात भाव बुशेलला (सुमारे 25 किलोला) 8 डॉलरच्या वर गेला. इतका भाव असताना सरकारी खंडावर कोण थांबेल? करार संपले तशी जमीन नांगरली गेली. 2014 च्या कायद्याने तर योजनेची कमाल मर्यादाच 2 कोटी 40 लाख एकरांवर आणली. साउथ डकोटात दर उन्हाळ्यात सकाळी, दवाने ओले झालेले पक्षी रस्त्याकडेला येतात तेव्हा ठरलेल्या रस्त्यांवर त्यांची मोजणी होत असे. 2013 मध्ये ती एका वर्षात 64 टक्क्यांनी घसरली. दुष्काळ आणि थंड, ओला वसंत यांचाही त्यात हात होता, पण गवत असतं तर पक्षी लवकर सावरले असते. राज्यपालांनी त्याच डिसेंबरमध्ये इथल्या ह्युरॉन शहरात यासाठी खास परिषद घेतली. 1956 ची सॉइल बँक ही अशीच, जमीन पिकाबाहेर ठेवण्याचे पैसे देणारी जुनी योजना; तिचंही असंच झालं होतं. ते करार संपले आणि फेझंट झपाट्याने कमी झाले.

म्हणून मला सीआरपीतलाच 2004 मध्ये सुरू झालेला छोटा प्रकार जास्त टिकाऊ वाटतो. शेताच्या कडेने 30 ते 120 फुटांची गवताची पट्टी सोडायची. ती बॉबव्हाइट या इथल्या लाव्यासाठी आखली होती. झाडांच्या सावलीतली, कमी पिकणारी कड तशीही परवडत नाही, त्यामुळे मका महागला तरी ती सोडायला शेतकरी सहज तयार होतो. अशा पट्ट्या असलेल्या शेतांत लावे जास्त आढळले आहेत.

आपल्याकडे? भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने तितर-लाव्यांची शिकार बंद आहे. इथल्या शेतकऱ्याला शिकाऱ्यांकडून मिळतं तसं उत्पन्न तिथे मिळणार नाही आणि दोन-तीन एकरांतली जमीन दहा वर्षं गवताखाली ठेवा असं कुणाला सांगणं अन्यायाचं होईल. पण कडेच्या पट्टीची कल्पना आपल्या बांधाला चपखल बसते. दर उन्हाळ्यात बांध पेटवले जातात, त्यात तितराला हवा असलेला वाळक्या गवताचा आडोसा जातो. बांध न जाळणाऱ्याला, त्यावरचं गवत विणीचा हंगाम संपेपर्यंत न कापणाऱ्याला थोडा मोबदला द्यावा, असं मला मनापासून वाटतं. आणि सोलापूर-नगरकडचे गवताळ माळ सरकारी कागदांवर ‘पडीक’ म्हणून लिहिणं आधी थांबवावं, कारण त्या एका नोंदीमुळे तिथे झाडं लावायला किंवा कारखाना उभारायला कुणाची हरकत राहत नाही.