‘मिझरिकॉर्ड’ला ‘दयासन’ म्हणावे का?

इंग्लंडमधील मध्ययुगीन चर्चविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘मिझरिकॉर्ड’साठी ‘दयासन’ हा प्रतिशब्द चालेल का, असा प्रश्न आहे.

मूळ लॅटिन ‘मिसेरिकॉर्दिया’चा अर्थ दया, त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने हरकत नाही. तरीही मी तो शब्द वापरणार नाही. मराठी बायबलमध्ये कराराचा कोश या पवित्र पेटीवरील सोन्याच्या झाकणासाठी ‘दयासन’ केव्हाच रुळला आहे. शिवाय मिझरिकॉर्ड हे आसनच नव्हे. चर्चच्या क्वायर या भागात, म्हणजे धर्मसेवक प्रार्थना गातात तेथे, समोरासमोर रांगेने केलेल्या ओकच्या आसनांची बैठक बिजागरीवर उचलता येते आणि ती उचलली की तिच्या खालच्या अंगाचा जो छोटा कठडा पुढे येतो, तो मिझरिकॉर्ड. मठाच्या भाषेत ‘दया’ म्हणजे नियमातील सवलत. दिवसरात्रीच्या प्रार्थनांना तिष्ठत उभ्या असलेल्या वृद्ध व अशक्त धर्मसेवकांना उभे राहण्याचा नियम न मोडता त्यावर भार टाकता येई. ‘जरा बूड टेकले’ असे आपण म्हणतो, त्यातले टेकणे तेवढे येथे आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘मिझरिकॉर्ड, म्हणजे दयेची टेकण’ असा खुलासा करून पुढे मूळ शब्दच ठेवावा.

या टेकणीखालचे कोरीवकाम मला फार मोलाचे वाटते. इंग्लंडमध्ये मधल्या शिल्पाच्या दोन्ही बाजूंना त्याच लाकडातून निघालेली छोटी शिल्पे असतात, आणि ही तेथील खास पद्धत आहे. लडलो या गावच्या चर्चमध्ये खोट्या मापाने एल ही बिअर विकणाऱ्या बाईला सैतान नरकात नेताना दाखवले आहेत. तेथील पामर्स गिल्ड या नागरिकांच्या धार्मिक संघाने 1447 मध्ये या आसनांसाठी ब्रिस्टलहून 100 फळ्या आणवल्या होत्या. खर्च नगरातील संघाचा असल्याने मापाचा खोटेपणा प्रार्थनेच्या जागी कोरला जावा, हे मला सुसंगत वाटते. मँचेस्टरला तर 16व्या शतकाच्या आरंभी एका बाजूच्या आसनांचा खर्च तेथील चर्चचे वॉर्डन (प्रमुख) जेम्स स्टॅन्ली यांनी, तर दुसऱ्या बाजूचा रिचर्ड बेसविक या व्यापाऱ्याने उचलला.

अशा आसनासाठी ‘स्टॉल’ हा शब्द मराठीत टाळावा, कारण आपल्याकडे स्टॉल म्हणजे दुकान. ‘गायकांचे बाक’ही नको. कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, प्रत्येक कॅननचे (तेथे नेमलेल्या धर्मगुरूचे) आसन त्याच्या पदाशी बांधलेले असे, आणि त्यावर त्याला विधिपूर्वक बसवणे म्हणजेच ‘इन्स्टॉल’ करणे. मठाच्या ‘गादी’त जसे पद आणि बैठक एकत्र असतात, तसाच हा अर्थ आहे, मात्र लाकडी आसनाला गादी म्हणता येत नसल्याने ‘पदासन’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो.