‘बाथरूममध्ये पडले’ असं सांगू का?

प्रश्न : मी नाशिकची, वय 44, माध्यमिक शाळेत शिक्षिका. रविवारी पुण्याहून परत येताना नारायणगावच्या अलीकडे आमच्या गाडीला एका मालवाहू टेम्पोने मागून ठोकलं. मिस्टर गाडी चालवत होते, मी शेजारी, सासूबाई मागच्या सीटवर. डिकी आत गेली, पण रक्त कुणाला आलं नाही. टेम्पोवाला हातापाया पडला. त्याने 5,000 रुपये दिले. मिस्टरांनी कागदावर ‘गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळाले, आमची काही तक्रार नाही’ असं लिहून सही केली, त्यानेही केली. मंगळवारी माझी मान आखडली, आता डाव्या हाताला मुंग्या येतात. मेडिकलमधून गोळ्या आणून घेतेय. सासूबाईंच्या डोक्याला टेंगूळ आलं होतं. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, एरवी ठीक आहेत, फक्त हल्ली दुपारभर झोपून असतात. दीर म्हणतात, डॉक्टरकडे गेलीस तर ‘बाथरूममध्ये पडले’ असं सांग, नाहीतर पोलिसांचं लचांड मागे लागेल आणि मेडिक्लेमही मिळणार नाही. आज शुक्रवार. आता जाऊन उपयोग आहे का? नुकसानभरपाईचा हक्क गेला का?

उत्तर : ताई, कायद्याचं नंतर बघू. आधी सासूबाईंना घेऊन निघा, आत्ता, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात. तुम्ही पत्रात त्यांचं सहज लिहून गेलात, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटली. डोक्याला मार, वय झालेलं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आणि दुपारभर झोप. अशा माणसाच्या डोक्यात आतल्या आत हळूहळू रक्त साठू शकतं आणि बाहेरून काही दिवस पत्ताही लागत नाही. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. काहीच नाही निघालं तर उत्तम. निघालं तर वेळेत पोहोचलात.

तिथेच तुम्हीही तपासून घ्या, आणि मिस्टरही. ते ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतील. गाडी चालवणारे असंच म्हणतात.

आता दिरांचा सल्ला. तो वाईट हेतूने दिलेला नाही, आपल्याकडे अर्ध्या घरांत हाच दिला जातो. पण वकील म्हणून अपघाताचे दावे चालवताना मी जे बघत आलेय त्यावरून सांगते, दाव्याचं इतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही. रुग्णालयात पहिल्यांदा केस पेपर निघतो तेव्हा डॉक्टर विचारतात, काय झालं? तुम्ही जे सांगाल ते दोन ओळींत लिहिलं जातं. पुढे विमा कंपनीचा तपासनीस सगळ्यात आधी त्या दोन ओळींची प्रत काढतो. तिथे ‘घरी घसरून पडल्या’ असं असेल, तर उलटतपासाला तुमच्या समोर तोच कागद येतो : ‘ही माहिती डॉक्टरांना तुम्हीच दिलीत ना?’ हो म्हणालात तर अपघाताचा आणि मानेचा संबंध तुटला. नाही म्हणालात तर तुम्ही डॉक्टरांना खोटं ठरवताय. मग त्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा, आणि ते येऊन सांगणार, पेशंटने सांगितलं तेच मी लिहिलं.

म्हणून खरं सांगा, आणि सगळं सांगा. तारीख, अंदाजे वेळ, जागा. मागून टेम्पोची धडक. तुम्ही पुढच्या डाव्या सीटवर, बेल्ट लावलेला होता की नव्हता. मान मंगळवारी आखडली, मुंग्या कधी सुरू झाल्या, मधल्या काळात कुठल्या गोळ्या घेतल्या. ‘रविवारपासूनच दुखतंय’ असं वाढवून सांगायची काही गरज नाही. मागून धडक बसली की मान आधी मागे आणि मग पुढे झटकते. ते दुखणं काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी वर येतं, हे कुठल्याही ऑर्थोपेडिक डॉक्टरला ठाऊक असतं. उशिरा दुखायला लागणं ही तुमच्या दाव्यातली खोट नव्हे. दुखायला लागल्यावरही डॉक्टरकडे न जाणं, ही खोट होऊ शकते. कारण मग समोरचा वकील विचारणार : या दिवसांत शाळेत जात होतात ना? फळ्यावर लिहीत होतात? घरात पाणी कोण भरत होतं? एकेका दिवसागणिक हे प्रश्न वाढत जातात. आज गेलात तर उत्तर सोपं आहे, ‘गोळीने बरं वाटेल म्हणून तीन दिवस थांबले, मुंग्या यायला लागल्या तेव्हा आले.’ महिन्याने हेच उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

आणखी एक. तुमचे ओळखीचे डॉक्टर प्रेमापोटी म्हणतील, मागच्या तारखेची चिठ्ठी देऊन टाकतो. घेऊ नका. त्यांच्या रजिस्टरात त्या दिवशी तुमचं नाव नसणार, आणि ती एक चिठ्ठी खोटी ठरली की बाकीची खरी बिलंही संशयात येतात.

अपघाताचा पेशंट म्हटल्यावर रुग्णालय एमएलसी करेल, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद. त्याला लोक फार घाबरतात. त्या नोंदीत तुम्ही जखमी आहात, आरोपी नाही. एखादं खासगी रुग्णालय ‘आधी पोलिसांचं आणा, मग बघू’ म्हणालं, तर तातडीच्या उपचारांसाठी अशी अट घालता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1989 सालीच स्पष्ट केलंय. आणि एमएलसी झाली तर पुढे पोलिसांकडून मिळणाऱ्या कागदांची साखळी आपोआप सुरू होते.

फिर्याद अजून दिलेली नाही, तीही द्या. नारायणगावला जायलाच पाहिजे असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, नाशिकच्या पोलीस ठाण्यातही फिर्याद देता येते. शून्य क्रमांकाने नोंदवून ते हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतात. ठाणे अंमलदार ‘एवढ्या दिवसांनी?’ म्हणून कुरकुरेल. लेखी अर्ज घेऊन जा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. उशिराचं कारण अर्जातच लिहा : जागेवर मिटवलं होतं, दुखापत नंतर कळली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की केवळ फिर्याद उशिरा झाली म्हणून अपघाताचा दावा फेटाळता येत नाही, आपल्याकडे माणूस आधी जखमींकडे धावतो, पोलीस ठाण्याकडे नाही. पण न्यायालय उशिराचं कारण बघतं, आणि ते कारण पहिल्या कागदापासून एकच असावं लागतं. गुन्ह्याला कुठलं कलम लागणार, दुखापत साधी की गंभीर, हेही वैद्यकीय प्रमाणपत्रावरच ठरतं. हाड मोडलं, किंवा पंधरा दिवस रोजची कामं करता आली नाहीत, तर कायद्याने ती गंभीर दुखापत.

मिस्टरांनी सही केलेल्या त्या कागदाला तुम्ही घाबरलाय, असं पत्रावरून दिसतं. मला मात्र तो कागद तुमच्याकडे असल्याचा आनंद आहे. पैसे गाडीच्या नुकसानीचे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सही मिस्टरांची आहे. तुमच्या मानेचा किंवा सासूबाईंच्या डोक्याचा हक्क त्यांना परस्पर सोडता येत नाही, आणि त्या दिवशी दुखापत माहीतच नव्हती. उलट विमा कंपन्यांचा ठरलेला बचाव असतो की आमचं वाहन तिथे नव्हतंच, ते नंतर घुसवलंय. तुमच्याकडे त्याच दिवसाचा, टेम्पो चालकाच्या सहीचा कागद आहे. त्यावर टेम्पोचा नंबर असेल तर सोन्याहून पिवळं. मूळ कागद जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका, आणि डिकीचे फोटो फोनमध्ये असतील तर मूळ फाइल तशीच राहू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत तारीख-वेळेची माहिती उरत नाही.

मेडिक्लेमबद्दल दिरांचा गैरसमज आहे. पॉलिसी नवी असली तरी सुरुवातीची तीस दिवसांची प्रतीक्षा अपघाताला लागू नसते, त्यामुळे अपघात लपवून तुम्हाला काही मिळत नाही. उलट खोटी माहिती दिली म्हणून दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. मात्र दाखल न होता नुसता एमआरआय काढून घरी आलात, तर ओपीडीचं संरक्षण नसलेल्या पॉलिसीत तो खर्च बसत नाही. तो भरपाईच्या दाव्यात, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतो. दाखल व्हावं लागलंच तर कंपनीला लगेच कळवा, मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. मेडिक्लेमवाले मूळ बिलं ठेवून घेतात. देण्याआधी संपूर्ण संच झेरॉक्स करा आणि त्यांच्याकडून किती रक्कम मंजूर झाली त्याचं पत्र घ्या. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून अपघाताच्या भरपाईतून ते कापले जात नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये दिलाय. पॉलिसीचा हप्ता तुम्ही भरला होता, टेम्पोवाल्याने नव्हे.

सासूबाईंना दाखल करावं लागलं तर तिथल्या काउंटरवर केंद्र सरकारच्या रस्ता अपघात कॅशलेस उपचार योजनेबद्दल विचारा. मे 2025 पासून ती लागू आहे, नियुक्त रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत, पण अपघातापासून सातच दिवस. म्हणजे तुमच्या हातात आज आणि उद्या.

भरपाईचा मुख्य दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली, टेम्पोचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध. तो नाशिकच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो, कारण तुम्ही इथे राहता. मुदत अपघातापासून सहा महिने. ही मुदत 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा आली आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण दुसऱ्याच्या याचिकेवर आपला दावा टांगून ठेवू नये. सहा महिन्यांच्या आत लावून मोकळं व्हायचं. टेम्पोवाला उद्या म्हणाला की तुमच्या मिस्टरांनीच अचानक ब्रेक मारला, तरी तुमचं आणि सासूबाईंचं अडत नाही. चूक दोघांची ठरली तरी तुम्ही नुसत्या बसलेल्या. सगळी भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करता येते. मिस्टरांच्या स्वतःच्या दुखापतीचं मात्र तसं नाही, त्यांचा जेवढा दोष ठरेल तेवढं कापलं जाईल.

किती मिळेल, हे आज कुणी सांगत असेल तर तो वकील बदला. औषधपाणी, येण्याजाण्याचा खर्च, घरात ठेवावी लागलेली मदतनीस, बुडालेलं उत्पन्न, वेदना, आणि कायमचं काही राहिलं तर पुढचं नुकसान, अशा बाबी धरल्या जातात. कायमच्या नुकसानीत न्यायालय डॉक्टरांनी दिलेला टक्का जसाच्या तसा घेत नाही. त्या दुखण्याने तुमच्या कामावर काय परिणाम झाला ते बघतं. तुमच्या वयात एमआरआयमध्ये मणक्यांची थोडीफार झीज दिसणारच, आणि समोरचे म्हणणार, हे वयाचं आहे. तेव्हा अपघाताआधी मानेची तक्रार नव्हती, हेही डॉक्टरांना आजच सांगा. पूर्वी तक्रार असेल तर तीही सांगा. जुनं दुखणं अपघाताने वाढलं, हाही दावाच आहे, लपवलेलं जुनं दुखणं मात्र बाहेर येतंच. फिजिओथेरपी सांगितली तर पूर्ण करा आणि दर वेळची पावती घ्या. गरज संपली की थांबवा, बिलं फुगवायला जाऊ नका.

शाळेत या आठवड्यात रजेचा अर्ज दिला असेल तर कारण काय लिहिलंय ते बघा. ‘घरगुती कारण’ लिहिलं असेल तर पुढच्या अर्जात खरं कारण लिहा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. खर्ची पडलेली रजा हेही नुकसान म्हणून मागता येतं, पण मुख्याध्यापकांच्या दप्तरात आणि केस पेपरवर कारण एकच पाहिजे.

टेम्पोवाला हातापाया पडला, म्हणून त्याच्या गरिबीचं ओझं तुम्ही मनावर घेतलं असेल. विमा चालू असेल तर भरपाई कंपनी भरते. चालकाचा परवाना वैध नसेल तर कंपनीला आधी तुम्हाला द्यायला लावून मग मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालयं देतात. एम-परिवहन ॲपवर टेम्पोचा नंबर टाका, विम्याची मुदत कधीपर्यंत आहे ते दिसेल. अपघाताच्या दिवशी तो चालू होता याचा स्क्रीनशॉट ठेवा. मुदत रविवारच्या आधीच संपलेली दिसली तर मला लगेच कळवा. मग मालकाच्या नावावर काय आहे ते आधी शोधावं लागेल.