भूगोल आवडतो, गणित नको. हवामान खात्यात जाता येईल?

प्रश्न: माझी मुलगी दहावीत आहे. आम्ही वाईला राहतो. भूगोल तिचा जीव की प्राण. जलचक्र, वारे, मान्सून सगळं तोंडपाठ. गणिताचं मात्र नाव काढलं की चेहरा पडतो. आर्ट्सला भूगोल घेऊन तिला हवामान खात्यात जाता येईल का? घरचे म्हणतात, अंदाज तर चुकतातच, त्यात कसलं आलंय करिअर!
– एक आई

उत्तर: ताई, नमस्कार.

नको असलेलं उत्तर आधी देऊन टाकते. आर्ट्सच्या वाटेने अंदाज वर्तवणाऱ्यांच्या खुर्चीपर्यंत पोचणं जवळपास अशक्य आहे. खात्यातलं ‘सायंटिफिक असिस्टंट’चं पद स्टाफ सिलेक्शन कमिशनमार्फत भरतात. त्यासाठी आजवर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, पुढे भौतिकशास्त्रासह बीएस्सी किंवा कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्सकडची पात्रता मागितली गेली आहे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ३५,४०० रुपयांपासून. म्हणजे ‘कसलं करिअर’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

आता गणिताचं. लेकीला एक काम सांगा. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘उष्णता’ नावाचा धडा आहे. त्यात अप्रकट उष्मा, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) आणि आर्द्रता आहे. मार्कांसाठी नाही, तुमच्या गावासाठी म्हणून तो तिने वाचावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाट उतरून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईला त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. का? अरबी समुद्रावरची दमट हवा सह्याद्री चढताना किलोमीटरमागे सुमारे १० अंशांनी गार होते. दवबिंदू गाठला की ढग बनतो. वाफेचं पाणी होताना दडलेली उष्णता बाहेर पडते, म्हणून त्यानंतर हवा जरा हळू गार होते, किलोमीटरमागे साधारण ५-६ अंश. बरंचसं पाणी डोंगरावरच सांडतं. वाईकडे उतरताना उरलेसुरले ढग विरतात आणि मग तीच हवा पुन्हा १० अंशांच्या हिशोबाने तापते. बेरीज-वजाबाकी केली की कळतं, ती निघाली होती त्याहून कोरडी आणि उबदार होऊन खाली येते. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. भूगोलाच्या आकृतीत हे सगळं दोन बाणांत उरकलेलं असतं.

हा हिशोब करताना ती रमली, तर तिचं गणिताशी वैर नाही, तिला शिकवणीतल्या गणिताचा कंटाळा आहे. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहते. मग अकरावीला सायन्स, गणित न सोडता. कंटाळलीच, तर बळजबरी करू नका. भूगोलातून जीआयएस (संगणकावरची नकाशा-प्रणाली), आपत्ती व्यवस्थापन, अध्यापन अशा चांगल्या वाटा आहेत. फक्त त्यांना हवामानशास्त्र समजून पाय टाकू नये.

अंदाज चुकतात हे खरं आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ही नाही. एवढ्या कमी अंतरातला फरक आधी हेरायचा, तर वातावरणाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकात वारा, तापमान, बाष्प यांची समीकरणं सोडवावी लागतात. २०२५मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या अंदाज-प्रणालीचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, ती पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झाली. चुका होतात म्हणूनच तिथे माणसं लागतात, हे घरच्यांना सांगा.

बीएस्सीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी आहे, कोचीनच्या ‘क्युसॅट’ विद्यापीठात हवामानशास्त्राची. संशोधन करायचं तर पुढे नेट किंवा गेट ही परीक्षा. हवाई दलातही हवामानशास्त्राची शाखा आहे. शेतीची ओढ असेल तर बीएस्सी अॅग्री करून कृषी हवामानशास्त्रात एमएस्सी करता येते. या वाटेकडे मुलं फारशी बघत नाहीत, मला ती उलट फार बरी वाटते. जेईई, नीटच्या रांगेत यांतल्या बहुतेक वाटांसाठी उभं राहावं लागत नाही. पण पात्रतेच्या अटी बदलतात, त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नका.

यंदा पावसाळ्यात तिला गच्चीवर, झाडं-भिंतींपासून लांब, सरळ उभ्या कडांचं सपाट बुडाचं भांडं ठेवू द्या. रोज सकाळी साडेआठला, खात्याची वेळही हीच, पट्टीने मिलिमीटर मोजायचे आणि वहीत लिहायचे. अडीच मिलिमीटर भरले तरच खातं त्याला ‘पावसाचा दिवस’ धरतं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी, त्यावरून गच्चीवर किती पाणी पडलं ते तिलाच काढू द्या. गणेशोत्सवापर्यंत वही चालू राहिली, तर मला पुन्हा लिहा. कॉलेजं आणि विषयांची निवड तेव्हा बोलू.