स्वीडनमधून अमेरिकेला गेलेल्या पूर्वजाचं गाव, चर्च आणि नोंदी कशा शोधायच्या?

तुम्ही विचारलंय की सूनबाईंचे खापरपणजोबा १८८०च्या सुमारास दक्षिण स्वीडनच्या स्मोलंड प्रांतातून अमेरिकेला गेले, उन्हाळ्यात तिकडे जाणार आहात, तर त्यांचं चर्च आणि मागे राहिलेल्या घरच्यांची कबर कशी सापडेल.

आधी चर्चच्या नोंदवह्या शोधा, चर्च नंतर. जुन्या वह्या आता चर्चमध्ये नसतात. त्या सरकारी अभिलेखागारात आहेत आणि रिक्सआर्किवेटच्या (स्वीडनचं राष्ट्रीय अभिलेखागार) संकेतस्थळावर २०१८पासून फुकट बघता येतात. पण सगळ्या वह्या पॅरिशनुसार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांनुसार, लावलेल्या असल्यामुळे नुसतं 'स्मोलंड' सांगून भागत नाही. पॅरिशचं नाव अमेरिकेतल्या स्वीडिश लूथरन चर्चच्या सभासद-नोंदीत बऱ्याचदा मिळतं. गोथेनबर्ग बंदरातून गेले असतील, तर तिथल्या पोलिसांच्या १८६९पासूनच्या प्रवासी याद्याही बघा.

पॅरिश कळलं की थेट घरपरीक्षेची वही उघडा. पाद्री घरोघरच्या माणसांचं वाचन आणि लूथरची प्रश्नोत्तरी तपासायचे, त्याची ही नोंद. पानाच्या माथ्यावर शेताचं नाव, खाली घरधनी, बायको, मुलं, म्हातारे आईवडील, गडी, मोलकरीण. प्रत्येकापुढे जन्मतारीख, जन्माचं पॅरिश, कुठून आला, कुठे गेला. कुणी गेलं की त्याच्या ओळीवर रेघ मारत. 'कुठे गेला'च्या रकान्यात 'N. Amerika' (उत्तर अमेरिका) आणि तारीख दिसली, की बहुधा तुमचा माणूस सापडला.

नावावर मात्र विसंबू नका, घोळ तिथेच होतो. योहानचा मुलगा आंदेर्स म्हणजे आंदेर्स योहानसन, आणि त्याची मुलगी आंदेर्सदोत्तेर. सैन्यात गेला तर वेगळंच छोटं आडनाव मिळे, अमेरिकेत आणखी तिसरं. एका पॅरिशमध्ये आंदेर्स योहानसन डझनभर असू शकतात, म्हणून जन्मतारीख आणि शेताचं नाव दोन्ही जुळलं तरच माना. वहीत १२/५ म्हणजे १२ मे. आपल्याला ते सरळच वाटतं, पण अमेरिकेतल्या वंशावळींत त्याचा ५ डिसेंबर झालेला आढळतो. ती तारीख मूळ पानावरून तपासाच.

कबरीची फार आशा धरू नका. गरिबांच्या कबरीवर लाकडी क्रूस असे, तो केव्हाच कुजला. शिवाय हक्काची मुदत संपली की जागा दुसऱ्याला देतात. चर्चचंही बांधकामाचं वर्ष बघा, कारण १९व्या शतकात लोकसंख्या वाढल्यावर कितीतरी मध्ययुगीन चर्चं पाडून मोठी बांधली गेली. इमारत नवी असली तरी बाप्तिस्म्याचं दगडी पात्र पुष्कळदा जुन्या चर्चमधलंच असतं, ते आवर्जून बघा. स्मोलंडमधल्या वेक्शो शहराजवळच्या डेडेशो गावी मात्र नवं चर्च झाल्यावरही जुनं उभं राहिलं, आणि त्याचं १३व्या शतकातलं रंगवलेलं लाकडी छत मला तरी चुकवण्यासारखं वाटत नाही.

खेड्यातली चर्चं प्रार्थनेची वेळ सोडून बरेचदा बंद असतात, त्यामुळे पॅरिश कार्यालयाला आधी ईमेल करा. त्यात शेताचं नाव जरूर लिहा. ते नाव बहुतेक वेळा आजच्या नकाशावरही सापडतं, आणि तिथवर गाडीने जाता येतं.