मोफत वकील मिळतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पळू नका

बहिणीला सासरच्यांनी लेकरांसकट घराबाहेर काढलंय, ती नाशिकला अंबडच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, वकिलाची फी झेपत नाही, तर फुकटचा वकील खरंच मिळतो का आणि तिचा पगार आडवा येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मिळतो. आणि पगार आडवा येत नाही. मी कोर्टाबाहेर टायपिंगचं काम करतो, रोज बघतो, लोक आधी सेतूत जाऊन तहसीलदाराच्या दाखल्यासाठी रांग लावतात आणि मग इथं येतात. अहो, बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही! १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ बघा, त्यात महिला, लहान मुलं, एससी एसटी, अपंग, कारखान्यातले कामगार, अटकेत असलेली माणसं, या सगळ्यांना कमाई न बघता मदत आहे. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे, दाखला त्यांना लागतो.

तर ताईंना सरळ नाशिकच्या जुन्या सीबीएसजवळच्या (जुना मध्यवर्ती बसस्टँड) जिल्हा कोर्टात घेऊन या आणि गेटवर विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा. एक फॉर्म असतो, लिहिता येत नसेल तर तिथले लोक भरून देतात. आधार, रेशन कार्ड, लग्नाचा काहीतरी पुरावा, पोलिसात तक्रार दिली असेल तर तिची कॉपी, एवढं सोबत ठेवा. निफाड, मालेगावकडचे असाल तर तालुका कोर्टातही विधी सेवा समिती असते. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

आता फुकटचा वकील म्हणजे कामचुकार, असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. पॅनलवरचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतले वकील आपली प्रॅक्टिसही करतात, प्राधिकरणाकडून फी कमीच मिळते, त्यामुळे कोणी जीव लावून लढतो तर कोणी नुसत्या तारखा घेतो. म्हणून तुम्हीच मागे लागा, ईकोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळतो तो वेगळा नंबर) टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. वकील फिरकतच नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना साध्या कागदावर अर्ज द्या, वकील बदलून मागता येतो. आणि त्याने झेरॉक्सला, टायपिंगला, "साहेबांना" म्हणून पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका, तिथंच लेखी तक्रार करा, कोर्ट फी आणि टायपिंगचा खर्चसुद्धा या मदतीतच धरलेला असतो (माझ्या धंद्याचं नुकसान, पण सांगतो).

घरगुती हिंसाचाराची केस टाकणार असाल तर अंतरिम पोटगीचा अर्ज त्याच दिवशी सोबत लावायला सांगा, नाहीतर निकाल लागेपर्यंत लेकरांनी खायचं काय? पोटगीत मात्र दोघांनाही कमाईचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तेव्हा ताईंच्या पगाराच्या स्लिपा फेकू नका, आणि नवऱ्याचं दुकान, गाडी, प्लॉट जे काही माहिती असेल ते आत्ताच एका वहीत लिहून काढा.