छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट परत परत ढिले होत असतील तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महिन्यांपूर्वी २४ एचपीचा नवा ट्रॅक्टर घेतला. कापसात पाळी घालायची म्हणून मागची चाकं आत घेतली. आठवड्याभरात डाव्या चाकाचे तीन नट हाताने फिरतील इतके ढिले सापडले. आवळले, तरी पुन्हा तेच. शोरूमवाला म्हणतो, "नव्या गाडीला होतंच असं, आवळून घ्या." तर हे खरंच नेहमीचं आहे, की काळजी करावी?

अंबड भागात माझं गॅरेज आहे. मोसंबीच्या बागांमुळे आमच्याकडे कामाला येतात ते बहुतेक छोटेच ट्रॅक्टर, म्हणून लिहितो.

शोरूमवाल्याचं अर्धंच बरोबर आहे. नव्या किंवा नुकत्याच खोललेल्या चाकाचे नट पहिल्या काही तासांत थोडे सैलावतात. एकदा पुन्हा नीट आवळले की मात्र ते गप्प बसायला हवेत. हाताने फिरणारा नट हा 'थोडा सैल' नसतो. आणि आवळल्यावर दुसऱ्यांदा ढिला झाला, तर पाना लावून परत कामाला लागायचं नाही, चाक खोलून कारण शोधायचं. तोवर ट्रॅक्टर जागेवर उभा राहू द्या. शेतातच तर चालवायचाय, असंही म्हणू नका. मागचं चाक शेतात निखळलं तरी ट्रॅक्टर त्याच बाजूला कलंडतो.

आता नट ढिला का होतो ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. नट ज्या आटेदार दांड्यावर चढतो तो स्टड, चाकाची मधली थाळी म्हणजे डिस्क, आणि ती ज्यावर बसते तो ॲक्सलच्या टोकाचा भाग म्हणजे हब. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो. तो परत आखडायला बघतो आणि त्या जोरावर डिस्क हबला घट्ट दाबून धरतो. चाकावर येणारा भार खरं तर स्टडवर जातच नाही, तो डिस्क आणि हब यांच्यातल्या घर्षणावर जातो. या दोघांच्या मध्ये रंगाचा जाड थर, गंज किंवा चिखलाचा वाळलेला पापुद्रा राहिला, तर काम सुरू झाल्यावर त्याचा चुरा होतो. केसभर जागा मोकळी झाली तरी स्टडचा ताण निघून जातो, कारण मुळात तो ताणलेलाच केसभर असतो. मग डिस्क हबवर डावी-उजवीकडे सरकायला लागते, आणि त्या आडव्या सरकण्यानेच नट उलटा फिरत सुटतो. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं, की बोल्टच्या सरळ रेषेतल्या हादऱ्यांपेक्षा आडव्या हिसक्यांनी नट फार लवकर सुटतो. नुसतं स्प्रिंग वॉशर घातल्याने हे थांबत नाही. आमच्याकडे लोक दुकानातून वॉशरचं पाकीटच घेऊन येतात, आणि हे सांगितलं की त्यांना मी माल विकायला कंटाळा करतोय असं वाटतं.

तुमच्या बाबतीत संशय घ्यायची पहिली जागा म्हणजे चाकं आत घेतली तो दिवस. ज्याने चाकं बदलली त्याला विचारा, डिस्क आणि हबची बसायची बाजू तारेच्या ब्रशने घासली होती का? काळ्या रानात, बांधावरच जॅक लावून हे काम उरकलं असेल, तर मला नाही वाटत. आपली माती ओली असताना पान्याला आणि लोखंडाला सारखीच चिकटते आणि वाळली की पत्र्यासारखी कडक होते. तिच्यावर आवळलेला नट त्या वेळी घट्टच लागतो.

दुसरी जागा जरा बारकाईने बघायची आहे. चाक आत घेताना बऱ्याच मॉडेलमध्ये डिस्क उलटी करून, डाव्या-उजव्या चाकांची अदलाबदल करून बसवतात. काही नटांचं एक टोक उतरतं, शंकूसारखं असतं, आणि ते डिस्कच्या भोकाला असलेल्या तशाच खोलगट काठात बसतं. डिस्क उलटल्यावर भोकाची सपाट बाजू वर आली असेल, तर शंकूचा नट फक्त काठाच्या एका रेषेवर टेकतो. तो कितीही आवळा, टिकणार नाही. कुठल्या बाजूला कुठला नट आणि कुठलं वॉशर ते ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तकात चित्रासह असतं. नट उलटा लावलाय, म्हणजे शंकू बाहेर आणि सपाट बाजू आत, असंही मी पाहिलंय.

तिसरी गोष्ट. बऱ्याच ट्रॅक्टरना मागच्या चाकात नटांच्या दोन रांगा असतात. मधली, जी डिस्क हबवर धरते. आणि बाहेरची, जी डिस्कला रिमच्या कानांशी जोडते. लोक मधली तपासतात, बाहेरची विसरतात. चाकाचं अंतर बदलताना अनेकदा दोन्ही रांगा खोललेल्या असतात, तेव्हा दोन्ही बघा.

मागच्या उन्हाळ्यात फवारणीच्या पंपाचा एक ट्रॅक्टर आला होता. तक्रार एवढीच, की वळताना 'टक' असा आवाज येतो. नट हाताला घट्ट लागत होते. पण प्रत्येक नटाखालून रिमच्या दिशेने तांबूस पावडरीची बारीक रेघ उतरली होती, आणि नटाच्या भोवती रंग जाऊन चकाकती कडी पडली होती. ही तांबूस पावडर म्हणजे साधा गंज नव्हे, लोखंडावर लोखंड घासून पडलेला भुगा. चाक उतरवलं तर डिस्कची गोल भोकं अंड्यासारखी लांबट झालेली. मालक म्हणाला, "वेल्डिंग मारून भोकं पाडून द्या की नवी." तसं केलं नाही. डिस्क नवी टाकली, स्टडही नवे टाकले. अशी भोकं भरून परत पाडली तरी नेमकी जागच्या जागी येत नाहीत आणि वेल्डिंगच्या कडेचं लोखंड ठिसूळ होतं. तुम्ही चाक खोलाल तेव्हा आधी हेच बघा: भोकं गोल आहेत का, स्टडचे आटे चपटे झालेत का, डिस्कला भोकापासून निघालेली चीर आहे का. यातलं काहीही दिसलं तर ती डिस्क परत बसवायची नाही.

वेल्डिंगवरून आठवलं. टायर चढवलेला असताना रिमवर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही मारू देऊ नका, हवा सोडलेली असली तरी. आतलं रबर तापून वायू तयार होतो आणि टायर फुटतो, माणूस दगावतो. गावात हे काम करायला तयार असणारे भेटतात.

चाक खोलताना जॅक रानात नको, खळ्यावर किंवा डांबरी जागेवर लावा. जमीन मऊच असेल तर जॅकखाली जाड लाकडी फळी घाला. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गिअरमध्ये टाकलाय म्हणून ट्रॅक्टर हलणार नाही असं समजू नका. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) ते हवेतलं चाक मोकळं फिरतं, आणि गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टरही खुशाल घरंगळतो. हँडब्रेक ओढलेला हवा आणि दगडही हवेत. चाकात वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर ते एकट्याने सांभाळायच्या भानगडीत पडू नका. नट शेवटचे दोन-तीन राहिले की आधी जॅकचा अंदाज घ्या आणि मगच पुढे जा.

बसवताना दोन्ही बाजू घासून कोऱ्या करा. आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा, पुस्तकात सांगितल्याशिवाय ऑइल-ग्रीस लावू नका. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही ऑइल लावलं, तर तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो आणि कायमचा लांबतो. सगळे नट आधी हाताने पुरे फिरवून घ्या. मग समोरासमोरचे नट एकाआड एक, दोन-तीन टप्प्यांत आवळा. गोल-गोल एका रांगेत आवळलं तर डिस्क एका बाजूने आधी बसते आणि दुसरी बाजू फसते. शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकवून करा.

किती आवळायचं, याला 'पुरा जोर लावून' हे उत्तर नाही. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तकात न्यूटन-मीटरमध्ये (पिळाच्या जोराचं माप) दिलेला असतो, पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेगळा. अंदाज यावा म्हणून सांगतो: ७० किलोच्या माणसाने मध्यापासून ३० सेंटीमीटरवर आडव्या पान्यावर सगळं वजन टाकलं, तर साधारण २०० न्यूटन-मीटर होतात. त्याच पान्याला पाइप अडकवून १ मीटरवर उभा राहिला तर जवळपास ६९०. पुढच्या चाकाच्या बारीक स्टडला हा जोर तोडूनच टाकेल. आणि तुटला नाही तर आणखी वाईट, कारण ताणून मेलेला स्टड दिसायला धडधाकट असतो आणि दाब धरत नाही. पंक्चरवाल्याच्या हवेच्या गनचाही तोच घोळ. तिने नट खोला खुशाल, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळता येणाऱ्या पान्याने करा. एकट्यासाठी घेणं जड वाटत असेल तर भावकीत चार ट्रॅक्टर मिळून एक पाना पुरतो. इथे दुसऱ्याच्या रोटाव्हेटरवर चार एकर रान होतं, तर पाना का फिरू नये!

स्टड किंवा बोल्ट बदलायची वेळ आली तर तालुक्याच्या हार्डवेअरमधून 'याच मापाचा द्या' म्हणून आणू नका. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात, ती त्याची ताकद. साध्या बोल्टवर ४.६ किंवा ४.८ असतं, कधी काहीच नसतं. जुन्यावर जो आकडा होता तोच नव्यावर हवा, आट्याची जाडीही तीच हवी. एक स्टड तुटलेला सापडला तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनी त्याचा भार सोसलेला असतो, तेही बदला. दोन तुटले असतील तर सगळेच.

मग ट्रॅक्टर कामाला लावल्यावर अर्ध्या-एक तासाने थांबून एकदा आवळा. नंतर १० तासांनी पुन्हा. गडबड होते ती इथेच. पहिली फ्री सर्व्हिस साधारण ५० तासांना असते, आणि हंगामात रोटाव्हेटर लागला की १० तास एका दिवसात होतात. सर्व्हिसवाला येईपर्यंत वाट पाहिली तर नट कधीच सुटलेले असतात. म्हणून दिवस मोजू नका, ट्रॅक्टरचा तासांचा मीटर बघा. पुढे रोज सकाळी नजर टाकली आणि दर ५० तासांनी पाना लावला की पुरे. चाक कशाहीसाठी खोललं, पंक्चरसाठी का होईना, की मोजणी परत पहिल्यापासून.

नजर टाकणं सोपं व्हावं म्हणून नट आणि डिस्क यांच्यावरून ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवा. घरात नेलपॉलिश असेल तर तेही चालतं. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला. मात्र रेघ सरळ असली म्हणजे सगळं ठीक, असं नाही. नट न फिरताही ताण जाऊ शकतो, म्हणून ५० तासांचा पाना चुकवायचा नाही.

पुढच्या चाकाचं हलणं वेगळं असतं. जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवा. नट घट्ट असूनही खुटखुट लागली तर बेअरिंग, नाहीतर किंगपिन (चाक वळतं ती खीळ). डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर लागली तर बहुधा टायरॉड (स्टिअरिंगचा दांडा). तिथे नट आवळून उपयोग नाही.

तुमचं फक्त डावंच चाक ढिलं होतंय, यावरून एक विचारतो. ओळीच्या शेवटी वळताना तुम्ही डावा ब्रेक एकटा दाबून, रेस न सोडता गर्रकन फिरवता का? मग त्या चाकाच्या स्टडना दर वळणावर हिसका बसतो. वळताना रेस कमी करा, अवजार उचला. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेकचे पेडल जोडून टाका. आणि चाकं आत आहेत तोवर ट्रॅक्टर अरुंद झालेला आहे, बांधावर आणि उतारावर तो आधीपेक्षा लवकर कलंडेल. ट्रॅक्टर कलंडला तर वाचवणारी मागची सुरक्षा-कमान बागेत फांद्यांमुळे पाडून ठेवली असेल तर कापसात आल्यावर उभी करा आणि सीटचा पट्टा लावा. कमान पाडलेली असताना पट्टा लावायचा नाही.

शोरूमवाल्याशी भांडायचं तर पुराव्यावर भांडा. चाक त्यांच्याच माणसाने बदललं असेल तर खोलताना डिस्कच्या भोकांचे, स्टडचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढा. 'नट दुसऱ्यांदा ढिले' अशी नोंद सर्व्हिस कार्डावर त्यांच्याच अक्षरात, तारीख आणि तासांसह करून घ्या. भोकं लांबट झालेली निघाली तर नुसते नवे नट घेऊन परत येऊ नका, डिस्क आणि स्टड वॉरंटीत मागा.