‘विच द हेल’ का चालत नाही?

प्रश्न : अमेरिकेतले आमचे साहेब परवा कॉलवर म्हणाले, ‘व्हॉट द हेल हॅपन्ड टू द रिपोर्ट?’ रिपोर्ट माझाच होता. ही शिवी समजायची का? आणि मी कधी ‘विच द हेल फाइल?’ असं विचारलं तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शिवी तुम्हाला नाही, प्रश्नाला हासडलीय. मराठीत साहेब म्हणाले असते, ‘रिपोर्टची काय वाट लावलीय?’

आपण राग क्रियापदावर काढतो. ‘कुठे गेला होतास’चं ‘कुठे उलथला होतास’ होतं. उशिरा येणाऱ्याला आमची आजी ‘जेवायला ये’ नाही, ‘गिळायला ये’ म्हणायची. इंग्रजी क्रियापदाला हात न लावता प्रश्नाच्या शब्दामागे पाचर ठोकते : व्हॉट द हेल, हू द हेल, व्हेअर द हेल. (आपलं ‘तुला काय डोंबल कळतंय!’ मात्र अगदी त्याच जागी बसतं.)

‘विच’मागे ही पाचर बसत नाही. ‘विच’ विचारणाऱ्यासमोर ठरावीक चार फायली असतात. ‘व्हॉट द हेल’ विचारणाऱ्याला उत्तराचा थांगपत्ता नसतो. डेव्हिड पेसेट्स्की या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी १९८७मध्ये हा फरक नेमका पकडला. तेव्हा ‘विच द हेल फाइल’ म्हणालात तर साहेब चिडणार नाहीत, बुचकळ्यात पडतील.

तिखटपणाच्या पायऱ्या आहेत. ‘ऑन अर्थ’ कुणासमोरही चालतं, ‘द हेक’ म्हणजे सोवळं नेसलेलं ‘हेल’, आणि ‘एफ’वाला शब्द कचेरीत नकोच. ‘व्हॉट द डिकन्स’ही असंच सोवळं, मूळ सैतानाचं नाव टाळायला आलेलं. कादंबरीकार डिकन्सचा त्यात दोष नाही. तो जन्मला १८१२ साली, आणि शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मध्ये हे शब्द आधीच आहेत.

‘हेल’ दर वेळी रागाचंच असतं असंही नाही. लंडनचे एक ओळखीचे गृहस्थ लक्ष्मी रोडवर अचानक भेटले, तेव्हा मी आनंदाने ओरडले, ‘व्हॉट द हेल आर यू डूइंग हिअर?’ ते खो खो हसले. शेजारी त्यांच्या सासूबाई होत्या. त्या नाही हसल्या.

तुम्ही साहेबांशी ‘व्हॉट ऑन अर्थ’च्या पुढे जाऊ नका. आणि रिपोर्ट एव्हाना दुरुस्त करून पाठवला असेलच.